सीमाच्या वाट्याला आलेला कुत्रा

सीमा देवगावकर मूळची नागपूरची. इथे अमेरिकेत, रेडमंडला, सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते आणि आमच्या शेजारी राहते. "काकू, आठवडाभर मी लोकांच्या चुका काढते आणि मंगळवारी ऑर्केस्ट्रात लोक माझ्या काढतात," असं हसत सांगते. पण १२ फेब्रुवारी २००५ च्या शनिवारी ती माझ्याकडे आली तेव्हा हसत नव्हती.

लहानपणी ती आपल्या पद्धतीचं व्हायोलिन शिकलेली. इथल्या हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनं भरपूर, म्हणून तिला व्हायोला दिला; व्हायोलिनचाच थोरला, घोगऱ्या आवाजाचा भाऊ. चार वर्षांत ऑफिसबाहेर तिनं मिळवलेली ही एकच जागा, आणि आता तीच जायची वेळ आली होती.

ऑर्केस्ट्रावाले बसवत होते ती तीनशे वर्षांपूर्वीची, बरोक काळातली, वसंत ऋतूवरची रचना. त्यात बाकीची व्हायोलिनं पानांची सळसळ करतात, एक व्हायोलिन झोपलेला धनगर होतं आणि व्हायोला त्याचा कुत्रा. एकच सूर, दोनदोनदा: भू-भू.

"मार्था म्हणाली, मंगळवारी कुत्रा ऐकू आला नाही तर या कॉन्सर्टमध्ये तू नको." मार्था म्हणजे समोर उभी राहून त्यांचा ऑर्केस्ट्रा चालवणारी कंडक्टर.

"वाजव बघू."

तिनं वाजवलं. प्रत्येक सूर खालून अलगद उचलत, फार गोड.

"अगं, ही तर काकडआरती झाली! कुत्रा कधी मींड घेतो का?"

"जोर लावला की बेसूर होतं हो काकू. गुरुजींनी त्यासाठी बोटांवर पट्ट्या मारल्यात."

"तुमच्या आळीत कुत्रा नव्हता?"

"होता ना. चंद्रशेखरकाकांचा मोत्या. पोस्टमनची पँट फाडली होती त्यानं!"

मी उठले. ह्यांचा जुना रेनकोट चढवला, खांद्याला पिशवी अडकवली, मागच्या दारानं पावसात गेले आणि दार ठोठावलं. "पोस्ट!"

दोनदा ती नुसती हसत सुटली. तिसऱ्यांदा मी पाऊल आत टाकलं मात्र, व्हायोला असा अंगावर आला की मी खरोखरच मागे सरले.

"हां, हाच तो. आता पुन्हा!"

सात वेळा पोस्टमन झाले. स्वयंपाकघरभर पाणी.

बुधवारी सकाळी तिचा फोन. मार्थानं तालीम थांबवून विचारलं होतं, "याला आत कुणी सोडलं?" सगळे हसले होते.

"काकू, मी राहिले!"

१९ मार्चच्या कार्यक्रमाला मी दुसऱ्या रांगेत होते. सळसळ सुरू झाली, धनगर झोपला आणि मोत्या भुंकला. माझ्या पुढ्यातली छोटी मुलगी चटकन वाकली आणि खुर्चीखाली शोधू लागली.