गटाराची लाईव्ह बातमी

आमच्या राजारामपुरीतल्या गल्लीत गटार तुंबलं आणि घाण पाणी पार उंबऱ्यापर्यंत आलं. कुणी दाद घेईना, म्हणून सुनेनं मोबाईलवर बातम्या दाखवणाऱ्या एका पोरीला बोलावलं. महापालिकेच्या साहेबांना काय काय सुनावायचं ते मी सकाळपासून घोकत होते. पण पोरगी आली ती उन्हातनं, तोंड सुकलेलं. दारात आलेल्या पावण्यासमोर ओरडायचं कसं?

"आजी, लाईव्ह चालू हाय. जरा रागानं बोला की!"

"तुझ्यावर कशाला रागवू गं? गटार काय तू तुंबवलंस? आधी चहा घे."

झालं! बातमी सगळ्या गावानं बघितली, पण खाली जो तो लिहितोय, आजी, चहाला कधी येऊ? गटाराचं कुणी नावच काढंना.

दुसऱ्या दिवशी गटाराचं काम बघणारे साहेबच हसत दारात उभे. "आजी, आम्हाला पण चहा पाजा की!"

तेव्हा मात्र मी अशी कडाडले, की अख्खी गल्ली गोळा झाली. साहेबांनी उभ्या उभ्या माणसं बोलावली आणि संध्याकाळपर्यंत गटार मोकळं झालं.

हे कळल्यावर पोरगी मोबाईल घेऊन धावत आली. "आजी, साहेबांवर ओरडलात तसंच परत एकदा ओरडा की!"

"आता राग कुठनं आणू, बाई? पाणी गेलं की!"