डबा उभा म्हणजे बाई उभी

‘लाइन’ हा शब्द ऐकला की तुम्हाला आधी काय आठवतं?

काल गॅरेजमध्ये रॉकेलचा वास आला आणि मी थेट नव्वदच्या दशकात, आटगावजवळच्या रेशन दुकानापुढे पोचले. आमच्या पाड्यावरून विजेची लाइन जायची, घरात बल्ब नव्हता. खालून रेल्वेची लाइन जायची. आमच्या वाट्याला आली ती रॉकेलची लाइन. मजुरीला जाणाऱ्या बाया पहाटे तिथे डबे लावून जायच्या. डबा उभा म्हणजे बाई उभी.

एके दिवशी माझ्या डोळ्यांदेखत गावातल्या एका शेतमालकाने आईचा डबा पायाने मागे ढकलला. “मालकीण कुठंय याची?”

शेजारची काशीआत्या कडाडली, “तुझ्याच खळ्यावर भात झोडतेय ती! जा, तिला इथं पाठव आन् तू झोड!”

सगळे खो खो हसले. मीही हसले. डबा मात्र कुणीच पुढे आणला नाही. आमची पाळी येईपर्यंत पिंप रिकामं झालं आणि आठवडाभर घरात चिमणी पेटली नाही. त्या मालकापेक्षा आज मला माझ्या हसण्याचाच जास्त संताप येतो.

कुठल्याही लाइनीत असा मागे ढकललेला डबा दिसला, तर हसू नका. उचलून त्याच्या जागी ठेवा.