गयाची मशेरी आणि माझं 'नो'

केसपेपरवरचं ते 'नो' माझं आहे. गयाचं नाही.

माझ्या धाकट्या जावेला, गयाला, जाऊन आज बरीच वर्षं झाली. दरवर्षी तुम्ही माझ्या पोस्टखाली 'देवाची मर्जी' लिहिता. यंदा लिहू नका. दवाखान्यात दुभाषी देव नव्हता, मी होते.

छातीत कळ आली म्हणून गयाला आमच्या डोंगरकडा गावाहून हैदराबादला नेलं. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीचं आतलं अस्तर फाटलं होतं. डॉक्टरांनी मांडीतून नळी सरकवून आत स्टेंट बसवला.

"आता धमनी भरून यायला हवी," म्हणाले. मग इंग्रजीत विचारलं: बीपी आहे? गोळ्या घेतील? तंबाखू?

मी गयाकडे बघितलंसुद्धा नाही.
'नो.'
कॉन्व्हेंटच्या ठसक्यात. आमच्या घरातल्या बायका तंबाखू खातात होय?

आणि गया खात नव्हतीच.
ती दात घासायची. मशेरीनं. सकाळी, दुपारी, भांडी आवरल्यावर, माझ्यावर चिडली की.

तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची.
ती तंबाखू हिंगोलीच्या बाजारातून मीच न्यायचे. दर सुट्टीला. शाळेच्या भिंतीवर तंबाखूबंदी लिहून घेणारी मुख्याध्यापिका मी!

सहा महिन्यांनी स्कॅन झाला. धमनी भरली नव्हती. फाटलेल्या जागेत अजून रक्त शिरत होतं. गोळी एकही चुकली नव्हती, तरी बीपी चढलेलं.

"तंबाखू नक्की नाही?" डॉक्टर.

तेव्हा कुठे मी तिचं काळं बोट पाहिलं.
"गया, मशेरी लावतेस अजून?"
"व्हय. तुमीच तर आणून देता, आक्का. काहून?"

डबी त्याच दिवशी फेकली. ती रुसली. पेस्टनं दात घासून म्हणाली, "आक्का, तोंड पाहुण्याचं वाटून राहिलं."
मी हसले. तीही.

दुसऱ्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. धमनी त्याआधीच फुटली.

मशेरीमुळेच का, असं मी डॉक्टरांना विचारलं.
"नक्की सांगता येत नाही."
या उत्तराचं मी काय करू? कुणी सांगेल का मला?

गया, तो पेपर अजून माझ्यापाशी आहे. आज 'नो' खोडलं.

तंबाखू: होय.
आणून देणारी: मी.

जा बाई आता. उशिरा का होईना, तुझ्या वतीनं खरं बोलले.