विहिरीत ठेवलेली खिडकी

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. कॉलेजात भूशास्त्र शिकवते, आणि पोरांनी दगड हातात न घेता उत्तर ठोकून दिलं की माझं डोकं फिरतं. बाबांच्या बाबतीत मी नेमकं तेच केलं.

आमचं शेत जाम गावाजवळ. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, यांतच बाबांचा जन्म गेला. एका दिवाळीत माहेरी आले होते, तेव्हा जेवताना त्यांना सांगत बसले. फार फार पूर्वी आभाळातून डोंगराएवढा दगड येऊन समुद्रात पडला. लाटा उसळल्या, जमिनीवर घुसल्या, आणि परत जाताना वाळू, गोटे, फुटके शिंपले सगळं एकत्र कालवून टाकून गेल्या. त्यावर वरून धूळ बसली, जेमतेम बोटभर जाड. काही देशांतल्या खडकांत हे सगळं अजून एकावर एक दिसतं.

बाबांचा घास हातातच राहिला. "हे तं आपल्या इहिरीत हाये!"

विहीर त्यांनीच खोदली होती. काळ्या दगडाखाली हातभर मऊ थर, त्यात शिंपलेच शिंपले, सारे फुटलेले, आणि वर पिवळट मातीची एक रेघ. मी हसले. म्हटलं, "बाबा, इथे कुठला आलाय समुद्र? तळं असेल एखादं. गोगलगायी असतील."

"तू पायलं का? न पायता काऊन सांगून राह्यली?"

भाऊ खो खो हसला आणि मी चिडून ताटावरून उठले. विहीर तेव्हा तुडुंब होती, पाहणार तरी काय! तो थर फक्त मे महिन्यात उघडा पडायचा.

पुढच्याच उन्हाळ्यात विहीर बांधायला काढली, कारण त्या मऊ थरातूनच ती ढासळत होती. बाबांचा फोन आला, "बांधाच्या आंधी एक डाव पाहून जाजो, माय." मी पेपर तपासणीत बुडालेली. नाही जमलं. मग बाबांनी गवंड्याला त्या थरापाशी दोन हात रुंद जागा, खिडकीसारखी, उघडी ठेवायला लावली. गवंडी डोकं धरून बसला. जिथून ढासळते तेच उघडं ठेवायचं? भाऊही भांडला. बाबांचं एकच म्हणणं, "पोरीनं पायल्याबिगर तेथी सिमेंट लावायचं नाई."

त्यानंतर दर मे महिन्यात फोन. "पाणी उतरलं व माय. कवा येतं?" कधी परीक्षा, कधी लेकीचा प्रवेश, कधी नुसतंच ऊन. एकदा तर मी म्हणाले, "बाबा, ते तळंच आहे हो, किती वर्षं तेच तेच!" ते म्हणाले, "असन. पण पाहून सांग." आता मे लागलाय आणि त्या आवाजासाठी जीव तुटतो. सकाळी फोन वाजला तर अजूनही धावत जाऊन उचलते, आणि तो बँकवाल्यांचा निघतो.

सात उन्हाळे गेले. आठव्याच्या आधीच, हिवाळ्यात, बाबा गेले.

यंदा मे महिन्यात मी स्वतःहून आले. भिंग आणि हातोडी घेऊन लोखंडी पायऱ्यांनी विहिरीत उतरले. खिडकी होती तशीच होती. शिंपल्यांचा थर अगदी लख्ख, तुकडे मात्र इतके बारीक की खाऱ्या पाण्यातले की गोड्या, ते भिंगातूनही ओळखू येईना. पण त्याच्या वर, काळ्या दगडाला लागून, जिथे पिवळी रेघ असायला हवी होती, तिथे नुसती एक गुळगुळीत खाच होती. आभाळातून काही आलं होतं की नाही हे सांगणारी माती तेवढीच, आणि तीच नव्हती.

माझा संताप संताप झाला. खालूनच ओरडले, "ही माती कोणी खरवडली रे?"

भाऊ काठावर आला. वाकून खाली त्या खाचेकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाबानंच. पाणी उतरलं का दरसाल तारेचा ब्रश घेऊन उतरे. शेवाळ घासून काढे, धुवे. म्हणे, पोरगी येऊन राह्यली, तिले चोख दिसलं पायजे. मंग वरते येऊन तुले फोन लावे."

माहेरवाशीण येणार म्हणून लोक घर सारवतात. माझ्या बापाने सात वर्षं खडक घासला.

समुद्र की तळं, हे आता त्या भिंतीवरून मला सांगता येणार नाही. मी खाचेत बोट घातलं. दोन पेरं आत गेलं. पहिल्याच उन्हाळ्यात आले असते तर तिथे माती होती, आणि वरच्या पायरीवर बाबा उभे असते, "सांग आता" म्हणत.