मीराबाईंची मोरी

सासूबाई पुन्हा पडतील ही धास्ती डोक्यातून जातच नाही. लेक पहिल्यांदा एकटी शाळेत गेली तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते, जेवढी त्यांचा वॉकर बाथरूमकडे वळला की घाबरते.

सासूबाई म्हणजे मीराबाई. लग्न होऊन मालवणहून काळाचौकीच्या चाळीत आल्या. सासरे गिरणीत, घर एका खोलीचं, कोपऱ्यात मोरी. अंघोळ, भांडी, कपडे, रविवारची मासळी, सगळं त्या मोरीत. चाळीच्या जागी टॉवर झाला, आम्हाला बाथरूम मिळालं. त्यांच्या लेखी ती मोरीच. ओटा आहे, सिंक आहे, तरी मासे साफ करायला त्या बाथरूममध्येच स्टुलावर बसतात.

"आई, सिंकमध्ये करा ना."

"सिंकात? थंय देवाची भांडी घासतत गो!"

गणपतीनंतर त्याच चकचकीत फरशीवर माशांच्या पाण्यात त्यांचा पाय सटकला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता फरशी बदलायची म्हणून आम्ही दुकानात गेलो.

सेल्समन राजरत्नने खरखरीत फरशी दाखवली. मला ती पाहताच आवडली. आईंनी तिच्यावर बोट फिरवलं.

"ह्येच्यार तारले साफ केले तर खवले अडाकतले काय?"

"आजी, ही बाथरूमची फरशी आहे."

"मग मी काय देवघराचा इचारतंय?"

राजरत्नने तीन नमुने घरी नेऊ दिले: खरखरीत, गुळगुळीत आणि मधली, बारीक दाण्याची. मी मात्र कंत्राटदार हितेंद्रला परस्पर खरखरीतच सांगून टाकली. जीव वाचला की खवल्यांचं बघू.

आज रविवार. आईंनी तिन्ही नमुने बाथरूममध्ये मांडून तारल्या आणायला लावल्या. गुळगुळीत फरशीवर तारली ठेवताच ती सटकून बादलीमागे गेली.

"बघा! मासासुद्धा घसरतो!" मी म्हटलं.

"तिका पाय खंय आसत?" त्या शांतपणे म्हणाल्या.

मधल्या फरशीवरचे खवले तांब्याभर पाण्याने गेले. मी तिच्यावर ओला तळहात घासून पाहिला, तो सरकला नाही. आई म्हणाल्या, "ही बरी. पण करडी नको. पांढरी व्हयी. घाण दिसली तर धुवची ना!"

मग खरखरीत फरशीची पाळी. मी हसू दाबून बसले होते, की आता हिच्यावर काय खोड काढतात. त्यांनी काहीच काढली नाही. कोळणीकडची प्लॅस्टिकची पिशवी फाडून फरशीवर नीट अंथरली आणि तिच्यावर मासे साफ करायला घेतले.

"आई, पिशवी कशाला?"

"खाचेत घाण बसता. तुका आवाडता तर घाल ही फरशी. मी रोज पिशवी घालीन."

ओली पिशवी, तिच्यावर तारल्यांचं पाणी आणि वर वॉकर! नवरा, शंतनु, हसत सुटला. मलाही हसू आलं, पण टिकलं नाही.

सगळे झोपलेत. सकाळी हितेंद्रची माणसं खरखरीत फरशी लावायला येणार आहेत. ती रद्द करून मधली पांढरी मागवली तर मिळायला वेळ लागेल, तोवर जुन्या फरशीवर नको म्हणून आईंना लालबागला नणंदेकडे ठेवावं लागेल, आणि तिच्या बाथरूमची मला वेगळीच काळजी. हितेंद्र झोपला असेल, शिव्याही घालील.

घालू दे. आत्ताच फोन लावते.