लूमवाले मामा आणि आजोबांची जीन्स

लूमवाले मामा माणसाचं तोंड नंतर पाहत, आधी बाही चिमटीत धरत. कबनूरला यंत्रमागावर उभा जन्म काढलेली ती बोटं. "पावणं, निम्मं सूत, निम्मं पॉलिस्टर," एवढं सांगून झाल्यावरच नमस्कार.

मुलांनो, तुमच्या डोंगरावरच्या फोटोत दोघांच्याही अंगावर जीन्स दिसली, म्हणून हे लिहिते आहे.

आमचा निवृत्तांचा गट मामा डोंगरात नेत. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने उद्याचे कपडे घेऊन यायचं. मामा कोपरा बादलीत बुडवत, पिळत, पंख्याखाली धरत. लवकर वाळेल ते पास. "सुतानंच जेवू घातलंय मला," ते म्हणत, "पण पावसात डोंगरावर सूत न्हाय."

तुमच्या आजोबांची जीन्स नापास झाली.

"सर, ही पाणी पिती, मग सोडत न्हाय."

"मामा, चाळीस वर्षं जीन्सच घालतोय मी."

"घाला की. रंकाळ्यावर फिरताना घाला."

सगळे हसले, आजोबाही. सकाळी मात्र ते लांब रेनकोटाखाली तीच घालून आले.

पन्हाळ्याच्या पुढे पठारावर आडवा पाऊस लागला. आजोबा मागे पडू लागले, कुडकुडू लागले. मग कुडकुडणं थांबलं. मला वाटलं, अंगात ऊब आली. मामा मात्र धावत मागे आले.

"सर, नाव सांगा तुमचं."

आजोबांना सांगता येईना.

मामांनी त्यांना खडकाच्या आडोशाला बसवलं, रेनकोट वर केला आणि चाकूने जीन्स उभी फाडली. स्वतःच्या पिशवीतला कोरडा पायजमा आणि लोकरी स्वेटर त्यांना चढवला. "वैनी, कवटाळून बसा. लाजू नका." बऱ्याच वेळाने आजोबा पुन्हा थरथरायला लागले. "कापायला लागलं. अंग लईच गार पडलं की कापणंबी थांबतं. आता भ्या न्हाय," मामा म्हणाले, आणि मटकन खाली बसले.

खालच्या वाडीत चुलीपुढे आजोबांनी माफी मागितली. "तुमचं न्हाय चुकलं," मामा म्हणाले. "मी रेनकोट वर करून बघायला पायजे हुतं. ज्याची नजर चुकली, त्यानं माणसं न्यायची न्हाईत."

त्यांनी गट सोडला. त्यांची समजूत घालायला मी दोनदा कबनूरला गेले. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजला, दोन्ही वेळा मान हलवून नाही म्हणाले. आजोबांनी काय घातलं आहे, हे घरातून निघतानाच मी पाहिलं होतं आणि गप्प बसले होते. तेवढं मामांना सांगायचं दोन्ही वेळा राहिलं. गेल्या वर्षी मामा गेले.