यादोकाकांचे दोन्ही हात

यादोराव मेश्राम एकोडी ते साकोली जीप चालवत, आणि त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसणाऱ्याला पहिली गोष्ट ही दिसे की चालकाचे हात स्टिअरिंगवर नाहीत. ते छातीसमोर जोडलेले असत. रस्त्याने ओळखीचं कोणी दिसलं की यादोकाका दोन्ही हात सोडून नमस्कार करत, आणि त्या रस्त्यावर त्यांना अनोळखी माणूस माझ्या माहितीत एकदाच भेटला; तो वाट चुकलेला खतकंपनीचा एजंट होता. तेवढ्यापुरती जीप कोण चालवत असे हे कोणी विचारलं नाही. गुडघा चालवत असावा. मी कॉलेजची तीन वर्षं त्याच जीपने गेले आणि आज धडधाकट आहे, यात माझं कर्तृत्व काही नाही.

नमस्कारात ते भेदभाव करत नसत. आपल्यातला असला तर जयभीम, दुसरा असला तर रामराम, आणि धानाच्या बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बायांना नुसतेच जोडलेले हात, कारण त्यांच्या हातात रोपं असत आणि त्यांना उत्तर देता येत नसे. एकदा समोरून धानाचा ट्रॅक्टर येत असताना काकांनी त्याच्या चालकाला जयभीम घातला आणि त्या चालकानेही दोन्ही हात जोडले. दोन्ही वाहनं एकमेकांच्या बाजूने कशी गेली ते मी डोळे मिटून घेतल्यामुळे सांगू शकत नाही.

मी त्यांच्या शेजारची, लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळलेली, म्हणून मी एकदा धीर करून म्हटलं की काका, एका हाताने केला तर नाही का चालणार? त्यांनी माझ्याकडे मान वळवली, म्हणजे आता डोळेही रस्त्यावर राहिले नाहीत.

"एका हातानं जयभीम केला तर समोरच्याले वाटते, हा माशी हाकलून राहिला."

मी हसले. ते हसले नाहीत. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "माया आज्याले या रस्त्यानं कोणी नमस्कार केला नाही, पोरी. तो बाजूले उभा राहे, लोकं निघून जात. मले आता सारे करतेत. त्यायले मी अर्धा परत देऊ काय?"

त्यानंतर मी पुढच्या सीटवर बसले की समोरची दांडी घट्ट धरायची.

पुढे मी शिकून पुण्याला नोकरीला लागले. आमच्या कंपनीत स्टिअरिंगसाठी सेन्सर छापतात. छापतात हा शब्द मी जाणून वापरते, कारण काम लग्नपत्रिका छापण्यासारखंच आहे. फक्त कागदाऐवजी पातळ प्लास्टिक आणि शाईत चांदी. ही पट्टी स्टिअरिंगच्या कातड्याखाली गुंडाळली की चाकावर हात आहे की नाही हे गाडीला कळतं. हात सुटले की समोर लाल दिवा, मग टूंटूं, मग मोठं टूंटूं, आणि तरी चालक शुद्धीवर आला नाही तर गाडी हळूहळू आपली आपण थांबते. घरी आले तेव्हा मी हे सगळं मोठ्या अभिमानाने काकांना सांगितलं. ते म्हणाले, असे बिनहाताचे चालक असतेत तरी कुठी?

काही वर्षांनी जीप म्हातारी झाली आणि काका साकोलीच्या भैयालाल शेठजींकडे चालक म्हणून लागले. शेठजींची एकोडीच्या बाजूला राइस मिल होती, स्वभाव घाईचा होता आणि नवीकोरी पांढरी गाडी होती. पहिल्या दिवशी शेठजी मागे बसले, काकांनी गाडी काढली, आणि फाट्यावर कोणी तरी दिसलं. काकांनी हात जोडले. टूंटूं. पुढे पानठेल्याशी चौघं उभे होते. टूंटूं टूंटूं. बाजाराचा दिवस होता. गाडी तीन वेळा आपली आपण थांबली, त्यातली एक वेळ म्हशींच्या कळपात.

शेठजींना आधी आवाजाचा राग आलाच नाही, कारण ते दुसऱ्याच आनंदात होते. रस्त्यावरचा माणूस न् माणूस गाडीला हात जोडतोय हे पाहून त्यांना वाटलं, आपली गावोगावी किती इज्जत आहे. ते मागच्या सीटवरून हात हलवत राहिले. लोक आपल्याला नव्हे, चालकाला नमस्कार करतात हे त्यांना आठवड्याने कळलं आणि मग टूंटूं एकदम असह्य झालं. त्यांनी काकांना स्पष्ट सांगितलं: यापुढे आवाज आला तर किल्ली ठेवून घरी जायचं.

त्याच दुपारी मला फोन आला.

"प्रज्ञा, हे तूच छापलं काय?"

मी म्हटलं, आमच्याच कंपनीचं दिसतं.

"मंग मले एक सांग. मी चाळीस वर्षं गाडी चालवून राहिलो. त्याले माये हात दिसत नाही काय?"

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझी जीभ सैल सुटते. मी समजावून सांगितलं की काका, त्याला दिसत काहीच नाही. माणसाच्या अंगात पाणी असतं, ते चाकाजवळ आलं की छापलेल्या पट्टीला जाणवतं. हात की दुसरं काही ओलं, एवढी अक्कल अजून त्याला आलेली नाही. काका "अस्सं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्या "अस्सं"मुळे मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी ते परसातल्या वेलावरची एक लांब लवकी घेऊन कामावर गेले. पुण्यात तिला दुधी म्हणतात. ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून त्यांनी ती स्टिअरिंगला बांधली. गाडीने चकार शब्द काढला नाही. काकांनी अख्खा रस्ता मोकळ्या हातांनी, मनाजोगते नमस्कार करत पार केला. हा कारभार नऊ दिवस चालला. मागे शेठजी झोपत, पुढे लवकी जागी असे, आणि संध्याकाळी सुमनकाकू तिची भाजी करत. रोज नवी लवकी लागे, कारण उन्हाने ती सुकली की गाडीला ओळख पटत नसे.

दहाव्या दिवशी शेठजींचा डोळा मध्येच उघडला. पुढे काका खिडकीबाहेर पाहून दोन्ही हात जोडून कोणाच्या तरी लेकीच्या लग्नाची चौकशी करत होते.

शेठजींनी विचारलं, "यादोराव, गाडी कोण चालवून राहिलं?"

"लवकी, शेठजी. पण माया गुडघा हाये तिच्यासंग."

किल्ली तिथेच गेली. काका साकोलीहून एकोडीला पायी आले, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी पहिल्यांदाच निर्धास्तपणे नमस्कार केला असेल. पण घरी आल्यावर ते खाटेवर बसले आणि आपल्या हातांकडे बघत राहिले, असं काकूंनी मला सांगितलं. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "सुमन, त्या गाडीनं लवकीले माणूस म्हटलं." काकूंना हसू येईना. फोनवर ऐकताना मलाही आलं नाही. ती पट्टी आमच्या हातची होती.

शेठजी स्वतः गाडी चालवू लागले. आता गाडी गप्प होती आणि रस्ताही गप्प होता. कोणी हात जोडेना. उलट लोक गाडी अडवून विचारत, यादो कुठी आहे, बिमार आहे काय, तुम्ही काहून चालवून राहिले? सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना शेठजींना तेच उत्तर तेवढ्याच माणसांना द्यावं लागे. आठ दिवसांत ते कंटाळले आणि एकोडीला आमच्या गल्लीत गाडी घेऊन उभे राहिले. खाली उतरून त्यांनी काकांपुढे किल्ली धरली. काकांनी आधी नमस्कार केला, दोन्ही हातांनी, मग किल्ली घेतली आणि आपली तोड सांगितली: माणूस दिसला की गाडी थांबवायची, नमस्कार करायचा, मग निघायचं.

"चाकाचाही मान, माणसाचाही मान," ते म्हणाले.

तेव्हापासून अर्ध्या तासाच्या रस्त्याला सव्वा तास लागू लागला. घाईच्या स्वभावाचे शेठजी घरून तासभर लवकर निघू लागले. हे कसं झालं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

इकडे पुण्यात मी साहेबांसमोर उभी राहून लवकीची हकीकत सांगितली. पाच मिनिटं सगळे हसले आणि सहाव्या मिनिटाला सगळ्यांचे चेहरे उतरले. आज आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये कायम एक दुधी असतो, त्यावर "खाऊ नये" अशी चिठ्ठी असते, आणि त्याला हात समजणारी पट्टी आम्ही बाहेर जाऊ देत नाही. जिवंत हात थोडा तरी हलतो, दुधी हलत नाही, एवढा फरक यंत्राला शिकवायला आम्हाला वर्ष लागलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, मंग सैल बांधाची.

या हिवाळ्यात यादोकाका गेले. सकाळी चहा घेतला, खाटेवर टेकले आणि गेले. कोणाला काही सांगायला वेळ मिळाला नाही. मी मिळेल त्या गाडीने साकोलीला पोचले, तर स्टँडवर शेठजी स्वतः पांढरी गाडी घेऊन उभे होते. मी पुढे बसले. सवयीने समोर धरायला दांडी शोधली, ती या गाडीत नव्हती.

एकोडीच्या रस्त्याला लोक आधीच चालायला लागले होते. पांढरी गाडी दिसली की ते थांबत आणि हात जोडत. आत काका नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, तरी जोडत. पहिल्या माणसाला शेठजींनी एक हात वर केला. तो हात तसाच राहिला. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं आणि तो खाली घेतला. पुढच्या वळणावर बाया उभ्या होत्या. शेठजींनी स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही हात जोडले.

टूंटूं झालं. मग मोठं टूंटूं. ते हात खाली घेईनात. मला रडू येत होतं.

"प्रज्ञाबाई, हे बंद होत नाही काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही होत, शेठजी."

"मंग वाजू द्या."

गाडीने वेग कमी केला आणि आपली आपण, बायांच्या बरोबर समोर, ती थांबली.